चार कड्यांचं काम

झोपाळ्याला चार कड्या लागतात. छताला चार कड्या, कड्यांत साखळ्या, साखळ्यांना फळी आणि फळीवर बसणारं माणूस. यात अवघड काय आहे, असं अच्युत बेहेऱ्यांना वाटलं होतं. बेहेरे जन्मभर लेखापरीक्षक होते. म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांवर, धरणांवर आणि सरकारी विश्रामगृहांच्या न्हाणीघरांवर त्यांनी खुर्चीत बसून हरकती घेतल्या होत्या. ‘चार कड्या बसवण्यास विलंब का झाला, याचा खुलासा व्हावा’ असं त्यांनी कुठल्याही बड्या इंजिनिअरला लाल शाईत बेधडक लिहिलं असतं. आता तोच खुलासा त्यांची बायको त्यांच्याकडे मागत होती, आणि तिला शाईसुद्धा लागत नव्हती.

घर दूर उत्तरेत, मनीमाजऱ्यात, जुन्या बाजारामागच्या गल्लीत. मूळ मालक कॅनडाला गेले आणि घराकडे बघायचं राहून गेलं, ते बरीच वर्षं राहिलंच. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं तेव्हा बेहेऱ्यांनी ते घेतलं. “बस थोड़ी पुताई करा लेना जी,” असं दलाल म्हणाला होता. पुताई म्हणजे रंग, हे बेहेऱ्यांना ठाऊक होतं. रंग लावायला आधी धड भिंत लागते, हे दलालाने सांगितलं नव्हतं आणि बेहेऱ्यांनी विचारलं नव्हतं.

सुलोचनाबाईंना मुळात इथे राहायचंच नव्हतं. निवृत्त झालं की माणसं आपल्या गावी जातात, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांचं गाव मिरज. बेहेऱ्यांचं म्हणणं, सकाळी सुखना तलावावर फिरल्याशिवाय आपल्याला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, आणि मुलीची, अबोलीची नोकरी जवळच मोहालीत. पुष्कळ चर्चा झाली. चर्चा म्हणजे बेहेरे बोलले आणि सुलोचनाबाई भांडी जोरात ठेवत राहिल्या. शेवटी तह झाला. मिरजेचं माहेरचं घर विकलं तेव्हा बंधू रामकृष्ण यांनी तिथला शिसवी झोपाळा ट्रकने बहिणीकडे धाडला होता. “हा झोपाळा ज्या घरात लागेल ते माझं घर,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “तो लागेपर्यंत मी एक खोकं सोडणार नाही. दिवाळीपर्यंत लागला नाही, तर झोपाळा आणि मी, दोघं मिरजेला.”

आणि त्या शब्दाच्या पक्क्या. दिवाणखान्यात खोक्यांची चळत, तिला टेकून झोपाळ्याची फळी, आणि स्वयंपाक एका शेगडीवर, एका पातेल्यात, एका कढईत. बाहेर होता तो फक्त चिनी मातीचा चहाचा सेट. लग्नातला, सोनेरी कडांचा, नाजूक. ट्रकवर भरवसा नाही म्हणून सुलोचनाबाई तो मांडीवर घेऊन आल्या होत्या. हा सेट नीट लक्षात ठेवा. बेहेऱ्यांनी ठेवला नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

तिकडे रामकृष्णमामा एक दिवसाआड फोन करून सांगायचे, “सुलू, माझ्या नव्या फ्लॅटला बिल्डरने हॉलमध्ये कड्या आधीच देऊन ठेवल्यात गं. नुसता अडकवायचा!” लग्नात मानपानावरून रुसलेले बेहेरे तेव्हापासून या मेव्हण्याला फारसे मोजत नसत. पण छतात कड्या घेऊन बसलेला मेव्हणा म्हणजे साधा शत्रू नव्हे.

बाजाराच्या कोपऱ्यावर सकाळी कारागीर उभे राहतात. तिथून बेहेऱ्यांनी गुरनाम मिस्त्रीला आणलं. उंचापुरा, धिप्पाड, कानावर पेन्सिल. त्याने मान मागे टाकून छताकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “हो जाएगा जी.”

“कैसे होगा?” बेहेऱ्यांनी विचारलं.

“कोई ना जी. हो जाएगा.”

‘हो जाएगा’ हे बेहेऱ्यांनी या शहरात हजारदा ऐकलं होतं. पण ते कचेरीत, जिथे काही झालं नाही तरी छत डोक्यावर राहतं. गुरनामने काठीने छताला हलकेच टकटक केलं. आधी थोडी माती पडली. मग घमेलंभर पडली. मग बैलगाडीत मावेल इतका गिलावा एकदम खाली आला आणि बेहेरे, खोकी आणि झोपाळ्याची फळी सगळी एका रंगाची झाली. वर गंजलेल्या लोखंडी तुळया दिसत होत्या, त्यांच्यामधल्या विटा ओल्याकच्च होत्या, आणि एका सांध्यातून थेंब टपकत होता.

“बाबूजी,” गुरनाम हळहळून म्हणाला, “छत तो रो रही है.”

बेहेऱ्यांनाही रडू येत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

आधी पाणी थांबवायचं, मग छत, मग कड्या, असं ठरलं. पाणी थांबवायला राजिंदर नावाचा प्लंबर आला. त्याने पाहिलं आणि आधी विचारलं, “ये किस गधे ने किया था?” इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कारागीर कोणताही असो, आधीच्या कारागिराचं काम बघून तो हा प्रश्न विचारतोच. त्याशिवाय त्याला हत्याराला हात लावता येत नसावा. राजिंदरने पाइप शोधायला न्हाणीघराची डावी भिंत फोडली. पाइप उजव्या भिंतीत होता. उजवी फोडली तेव्हा पाइप सापडला आणि विजेची तारही सापडली, म्हणजे तुटली. घरात अंधार झाला. वीजवाला आला, त्याने तारेकडे बघून विचारलं, “ये किस गधे ने किया?” राजिंदरने छताकडे बोट दाखवलं. पुढे एकदा गुरनामने स्वतःच परवा गिलावा केलेल्या भिंतीपुढे उभं राहून तोच प्रश्न विचारला. बेहेऱ्यांनी त्याला नम्रपणे उत्तर दिलं. तो अजिबात खजील झाला नाही. “तभी मैं सोचूँ, काम साफ़ है,” म्हणाला.

आता गल्लीत सल्ल्याला तोटा नव्हता. समोरचे ग्रेवाल रोडवेजमधून निवृत्त झालेले. ते रोज खुर्ची घेऊन येत, आणि घरातून मलब्याचं एकेक घमेलं बाहेर पडताना बघत बसत. त्यांचं मत, हे घर पाडून नवं बांधावं. शेजारच्या दुकानदाराचं मत, मिस्त्री पंचकुल्याचा घ्यावा, इथले बरे नाहीत. पंचकुल्याचा एक ओळखीचा भेटला, त्याने सांगितलं की चांगले मिस्त्री मनीमाजऱ्यातच मिळतात. आणि घरात झोपाळा कशाला, हे कोणालाच कळेना. झुला झाडाला बांधतात, तोही श्रावणात, तोही पोरींसाठी. साठी उलटलेली माणसं दिवाणखान्यात झोके घेणार, हे ग्रेवालांना काही पटत नव्हतं.

यावर मिसेस ग्रेवाल यांनी स्वतःच्या बुद्धीने उलगडा केला. एका संध्याकाळी त्या पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि नुकत्याच कामावरून आलेल्या अबोलीला त्यांनी पोटाशी धरलं. “वधाई होवे पुत्त! अंकलजी तो अभी से झूला लगवा रहे हैं!”

अबोलीला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा ती किंचाळली. “आंटी! मेरी तो शादी भी नहीं हुई!”

“कोई ना,” मिसेस ग्रेवाल तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “वो भी हो जाएगी.”

सगळ्या गल्लीत बातमी फिरलेली होती. अबोली मग आठवडाभर मान खाली घालून, हेल्मेट घालूनच घराबाहेर पडत होती. “बाबा, सीरियसली, एक सोफा ले लेते ना!” ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं. फक्त रागावली की हिंदीत रागावते. सुलोचनाबाईंनी लाडू ठेवून घेतले. लाडू उत्तम होते.

दाराशी मलब्याचा ढीग झाला तेव्हा फटफटीवरून एक साहेब आले आणि दुरुस्तीची परवानगी दाखवा म्हणाले. बेहेऱ्यांना उलट बरं वाटलं. कागद, शिक्का, जावक क्रमांक, हे आपलं माहेर! छान इस्त्रीचा शर्ट घालून ते संबंधित कचेरीत गेले. खिडकीतल्या बाबूने अर्ज वाचला आणि विचारलं, “काम किसका है?”

“झूले का.”

बाबूने संगणकात बराच वेळ शोधलं. “झूला तो पार्क वालों के पास है जी. आप उधर जाइए.”

“घर के अंदर का झूला!”

“तो अंदर वाले के लिए पार्क वालों से लिखवा के लाइए कि बाहर का नहीं है.”

जन्मभर असली उत्तरं लोकांना देऊन बेहेरे निवृत्त झाले होते. ती ऐकून घ्यायला कसं वाटतं, हे त्यांना प्रथमच कळलं. शेवटी त्यांनी ‘झूला’ खोडून ‘छत दुरुस्ती’ लिहिलं आणि ते काम झालं. खाडाखोड केलेला अर्ज आपण स्वतः कधीही घेतला नसता, ही टोचणी मात्र त्यांना घरापर्यंत लागली.

खरी पंचाईत यानंतर सुरू झाली. परवानगी आली, पाणी थांबलं, आणि कारागीर यायचे थांबले. म्हणजे यायचे, सकाळी यायचे. मन लावून काम करायचे. दहा-साडेदहाला सुलोचनाबाई चहा द्यायच्या. चहा झाला की गुरनाम आणि राजिंदर एकमेकांकडे बघायचे, “सामान लेके आते हैं जी” म्हणायचे, आणि जे जायचे ते त्या दिवशी परत यायचे नाहीत. मग एक दिवसाआड येऊ लागले. मग सकाळीही येईनात. फोन केला की गुरनाम म्हणे, “रास्ते में हूँ जी.” हा रस्ता मनीमाजऱ्यातून निघून कुठे जात होता कोण जाणे.

बेहेऱ्यांनी आपलं शस्त्र उपसलं. त्यांनी गुरनामला व्हॉट्सॲपवर मेमो पाठवला: ‘आपकी बिना सूचना अनुपस्थिति के संबंध में स्पष्टीकरण अपेक्षित है. अन्यथा उचित कार्यवाही की जाएगी.’ दोन निळ्या खुणा उमटल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, आणि खाली ‘गुड मॉर्निंग’.

“अहो, तुम्ही त्यांच्यावर ओरडलात का?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“मी? मी त्यांना ‘आप’ म्हणतो!”

“मग माझ्या हातचा काही दोष?”

“तुझा कसला? तू तर त्यांना पाहुण्यांच्या कपातून चहा देतेस.”

आणि ते खरंच होतं. हातावर पोट असलेली माणसं, दिवसभर मातीत. त्यांना फुटक्या कपात चहा द्यायचा नाही, असं सुलोचनाबाईंच्या आईचं वळण. त्या सोनेरी कडांच्या कपबशा काढायच्या, आलं आणि गवती चहा घालून सुरेख चहा करायच्या, बशीत दोन बिस्किटं ठेवायच्या. “और दूँ?” असं विचारायच्या, ते “बस जी” म्हणायचे, आणि एवढी धिप्पाड माणसं किती मिताहारी आहेत, याचं दोघं नवराबायको कौतुक करायचे.

दिवाळी तोंडावर आली. छताला अजून भगदाड, न्हाणीघराला दीड भिंत. एका दुपारी सुलोचनाबाई फोन ठेवून बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “दादाने माझं तिकीट काढलंय. तुम्ही ट्रकवाल्याला विचारा, फळी कधी नेतो ते.”

त्या शांतपणे बोलल्या, हे वाईट होतं. भांडी वाजली असती तर बेहेऱ्यांना धीर आला असता. त्यांनी फळीकडे बघितलं. तिच्या कडेला सुलोचनाबाईंनी लहानपणी खिळ्याने ‘सुलू’ कोरलेलं होतं, त्यावर गिलाव्याची धूळ बसली होती. ही बाई नवऱ्याच्या नोकरीमागे इतकी वर्षं परक्या भाषेच्या गावात राहिली, आणि हिने मागितल्या त्या काय, तर चार कड्या. त्यांनी चपला घातल्या आणि ते गुरनामला शोधायला निघाले. मेमो नाही, फोन नाही, आता समोरासमोर.

फार शोधावं लागलं नाही. मागच्याच गल्लीत एका घराच्या अंगणात गुरनाम आणि राजिंदर बाजेवर बसलेले होते. दोघांच्या हातात पितळेचा एकेक गडवाच म्हणावा असा पेला, त्यातून वाफ येत होती, आणि मधल्या ताटात पराठ्यांची चवड. घरची म्हातारी पुन्हा पुन्हा पेले भरत होती. ते नको म्हणत होते, ती ओततच होती.

“गुरनाम!” बेहेरे म्हणाले. “मैंने आपका क्या बिगाड़ा है?”

गुरनाम चटकन उठला. त्याला खरंच ओशाळल्यासारखं झालं. “बाबूजी, बुरा मत मानना. हमने सोचा, आप हमारे काम से खुश नहीं हो.”

“किसने कहा?”

तो राजिंदरकडे बघू लागला. राजिंदर पेल्यात बघू लागला. शेवटी गुरनाम दबक्या आवाजात म्हणाला, “आपके यहाँ तो जी चाय का सैंपल मिलता है.”

“क्या?”

“इत्ती-सी कटोरी.” त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. “पकड़ो तो टूटने का डर, पियो तो होंठ भी गीले ना हों. माताजी एक बार पूछती हैं, फिर कप उठा लेती हैं. हमारे यहाँ जी, जिसको घर से विदा करना हो, उसको ऐसी चाय देते हैं. हम समझ गए. बाबूजी शरीफ़ आदमी हैं, मुँह से नहीं बोलेंगे.”

बेहेरे तिथेच बाजेवर बसले. म्हातारीने त्यांच्या हातात पेला दिला आणि तो रिकामा व्हायच्या आत दोनदा भरला. आयुष्यात काढलेल्या सगळ्या हरकतींमध्ये इतकी मुद्देसूद हरकत त्यांनी पाहिली नव्हती.

घरी जाऊन हे सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. त्यांनी जमेल तितकं मऊ करून सांगितलं. तरी सुलोचनाबाईंचा चेहरा लाल झाला.

“सॅम्पल?”

“त्यांच्या भाषेत गं.”

“माझ्या लग्नातल्या सेटला सॅम्पल?” त्या उठल्या. “मी माणसांना चहा देऊन हाकलते? आमच्या मिरजेत दारातला पोस्टमन चहा घेतल्याशिवाय जायचा नाही! पेले हवेत का त्यांना? पेले दाखवते मी!” आणि त्यांनी सगळ्यात वरचं खोकं खाली ओढून सुतळी तोडली.

त्यात पेले नव्हते, पुरणयंत्र होतं. त्यांनी दुसरं फोडलं. त्यात देव निघाले, ते उघड्यावर कसे ठेवायचे म्हणून कोनाड्यात मांडले. तिसऱ्यात डबे, डबे निघाले तर धान्य पिशव्यांत कशाला, म्हणून ते भरले. चौथ्यात पडदे. “बघत काय उभे राहिलात, हे टांगा!” बेहेऱ्यांनी पडदे टांगले. तहातली अटच मोडली जातेय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि कुठली हरकत कधी घ्यायची नाही हे चांगल्या लेखापरीक्षकाला कळतं. ताकाचे मोठे स्टीलचे पेले शेवटच्या खोक्यात तळाशी सापडले. तोवर घर लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पातेलंभर चहा होऊ लागला. सुलोचनाबाई एकदा विचारून थांबेनात, विचारतच नसत, ओतत असत. गुरनाम उजाडायला येऊ लागला, जाता जाईना. छत भरलं गेलं, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याने तुळयांना लोखंडी पट्ट्यांचे विळखे घालून चार कड्या अडकवल्या. साखळ्या लागल्या, फळी लागली. पक्कं आहे का बघायला आधी गुरनाम बसला. मग राजिंदर त्याच्या शेजारी बसला. मग ग्रेवाल आपली खुर्ची बाहेर ठेवून आत आले, आणि मिसेस ग्रेवाल एकदा ज्या बसल्या त्या उठायचं नाव घेईनात. “ये तो बड़ी अच्छी चीज़ है जी,” ग्रेवाल गंभीरपणे म्हणाले, “हमारे यहाँ भी लगनी चाहिए.” कड्या कुरकुरल्या, पण हलल्या नाहीत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सुलोचनाबाईंना स्वतःच्या झोपाळ्यावर जागा मिळाली. त्यांनी पदराने ‘सुलू’वरची धूळ पुसली, आणि पायाने हळूच रेटा देऊन बराच वेळ झोके घेतले. मग आत जाऊन त्यांनी चहा आणला. बेहेऱ्यांच्या हातात त्यांनी दिली ती सोनेरी कडांची चिमुकली कपबशी.

कपात अर्धा कप चहा होता. बेहेऱ्यांना गुरनामचं बोलणं आठवलं. परवाचं तिकीट होतं.

“सुलू,” ते भीतभीत म्हणाले, “ही कपबशी... म्हणजे मला निरोप का?”

“हो. उठा आणि बाजारात जा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “याच्या दुप्पट पातेलं आणा. परवा राजिंदर न्हाणीघराची भिंत घालायला येतोय, येताना भावाला आणतोय.”

“आणि तिकीट?”

“दादाला कळवलंय, रद्द कर म्हणून.” त्यांनी झोपाळ्याला आणखी एक रेटा दिला. “इतकं सगळं लावलंय, ते आता परत खोक्यात कोण भरणार?”